द्राक्षमळ्यातली सायकल आणि दोन भाषांची गावं

आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं हल्ली श्टुटगार्टला, म्युनिकला, फ्रँकफर्टला असतात. कुणी गाड्यांच्या कारखान्यात, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. आई-बाबा उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे जातात, नातवंडांना खेळवतात, आणि एखाद्या रविवारी सून विषय काढते, "चार दिवस फ्रान्सला जाऊया का? सायकलीवरून द्राक्षमळे बघायचे, वाइन चाखायची, खेड्यात राहायचं. बरोबर गाइड असतो." बाबा सायकल म्हटल्यावर गुडघ्याला हात लावतात. आई वाइनचं नाव ऐकून गप्प होते.

दोघांचंही समाधान करता येण्यासारखं आहे. आधी सायकलीचं बघू. ही काही शर्यत नसते. आठ-दहा ते पंधरा-सोळा जणांचा गट, वाट माहीत असलेला गाइड, आणि सामान घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचणारी व्हॅन. दमलात तर व्हॅनमध्ये बसा, कुणी हसत नाही. दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर, तेही थांबत, गप्पा मारत. चढाला धाप लागणाऱ्यांसाठी बॅटरीची सायकल भाड्यानं मिळते. पॅडल मारावंच लागतं, पण मागून कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटतं. तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन ज्यांनी एके काळी कँपातले रस्ते पालथे घातले, त्यांना हे जड जाणार नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं, की तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर आपली सवय आपल्याला डावीकडे ओढते. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट २०१७ पासून सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घातलेलं बरं.

आता वाइनचं. वाइन ही दारूच आहे, बाटलीत बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण चाखणं आणि पिणं यांत तिथं फरक करतात. पेल्यात दोन घोटांएवढीच ओततात. उजेडात रंग बघायचा, पेला हलकेच गोल फिरवायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. असं थुंकणं तिथं जाणकाराचं लक्षण समजतात. दुसरी गोष्ट, फ्रान्समध्ये सायकलवाल्यालाही मोटारवाल्याचाच नियम लागतो. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल, ही हद्द. म्हणून मोठी चाखणी संध्याकाळी, सायकली ठेवून झाल्यावर झालेली बरी. न घेणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो, आणि तळघरातली शंभर-दोनशे वर्षांची लाकडी पिंपं बघायला तर काही प्यावंच लागत नाही.

अशा सहली फ्रान्समध्ये अनेक भागांत निघतात. बोर्दो आहे, बरगंडी आहे, ल्वार नदीचं खोरं आहे. पण ज्यांच्या घरात आजी एक भाषा बोलते आणि आई दुसरी, अशांनी जायचं तर अल्सासला जावं, असं मी म्हणेन.

अल्सास म्हणजे फ्रान्सचा अगदी पूर्वेकडचा पट्टा. एका अंगाला ऱ्हाईन नदी, तिच्या पलीकडे जर्मनी. दुसऱ्या अंगाला व्होज नावाची डोंगररांग. नावाचे उच्चारसुद्धा दोन. फ्रेंच माणूस ‘अल्झास’ म्हणतो, जर्मन माणूस आणि तिथला जुना रहिवासी ‘एल्सास’. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. कुणाच्या तोंडी बेळगाव, कुणाच्या तोंडी बेळगावी. बाजारपेठ तीच, कुंदा तोच.

द्राक्षं इथंच का, हेसुद्धा आपल्याला लगेच कळेल. पश्चिमेकडून येणारा पाऊस व्होजच्या माथ्यावर पडून जातो आणि पूर्वेच्या उताराला कोरडं ऊन मिळतं. कणकुंबीला पावसात छत्री उलटते आणि अथणीत माणूस आभाळाकडे बघत बसतो, तसलाच प्रकार. कोल्मार हे इथलं मुख्य गाव फ्रान्समधल्या सर्वांत कमी पावसाच्या गावांपैकी एक. वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. डोंगराच्या पायथ्याला, दोनशे ते चारशे मीटर उंचीवर, सुमारे १५ हजार हेक्टरांचे द्राक्षमळे एका लांब पट्टीसारखे पसरलेत. तासगाव किंवा तिकोट्याचा बागायतदार तिथं उभा राहिला तर पहिल्यांदा वेलीची छाटणीच बघेल.

या पट्टीतून मार्लेनहाइमपासून थान्नपर्यंत ‘वाइनचा रस्ता’ जातो, सुमारे १७० किलोमीटरचा. तो १९५३ मध्ये सुरू झाला. मोटारी त्या रस्त्यानं जातात. सायकलींसाठी वेगळी खुणा केलेली वाट आहे. कुठे मळ्यांतल्या बांधावरून, कुठे रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून. स्ट्रासबुर्गपर्यंत रेल्वेनं यायचं, ओबेर्नेला सायकली घ्यायच्या आणि चार-पाच दिवसांत दक्षिणेला कोल्मारपर्यंत पोचायचं, ही सोयीची आखणी.

वाटेत दर चार-पाच किलोमीटरला एक गाव. लाकडी चौकटीची रंगीत घरं, खिडक्यांत जिरेनियमची फुलं, मधोमध दगडी कारंजं. सेलेस्ता गावच्या दप्तरात १५२१ सालची नोंद आहे, नाताळच्या झाडांची. अशा झाडाचा लेखी उल्लेख इतका जुना क्वचितच सापडतो. उनावीरला करकोच्यांचं केंद्र आहे. पांढरा करकोचा हा अल्सासचा लाडका पक्षी, घराच्या धुराड्यावर त्याचं घरटं असणं शुभ. १९७४ च्या सुमाराला साऱ्या अल्सासमध्ये त्यांच्या दहासुद्धा जोड्या उरल्या नव्हत्या. लोकांनी पिल्लं वाढवली, घरट्यांसाठी चाकं बसवून दिली, आणि आता ते शेकड्यांनी दिसतात.

गावांची नावं वाचत जा. ओस्टहाइम, बेनवीर, रीकवीर, एगिसहाइम. ‘हाइम’ म्हणजे घर, हा जर्मन कुळातला शब्द. ‘वीर’ आला लॅटिनमधल्या वाडी-वस्तीच्या शब्दावरून. आपल्याकडे हळ्ळी, कोप्प, वाडी, हट्टी यांवरून गाव कुणी वसवलं याचा अंदाज येतो, तसंच हे. राज्य फ्रेंच, गावांची नावं जर्मन वळणाची, आणि ती उच्चारायची फ्रेंच पद्धतीनं. जुन्या पेठांमध्ये रस्त्याची पाटीही कित्येकदा दोन भाषांत असते, वर फ्रेंच, खाली अल्सासी.

वाइनमध्येही हेच. फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी बाटलीवर गावाचं किंवा मळ्याचं नाव मोठं असतं. अल्सासमध्ये द्राक्षाच्या जातीचं नाव लिहितात, जर्मनीसारखं. रिसलिंग, सिल्व्हानेर, गेवुर्त्सट्रामिनर ही जर्मन नावं. पिनो ब्लां, पिनो ग्री ही फ्रेंच. ‘गेवुर्त्स’ म्हणजे मसाला. त्या वाइनला गुलाबाचा आणि लिचीचा वास येतो. वासाच्या परीक्षेत आपल्या बायका पहिल्या येतील. फोडणीच्या वासावरून हिंग जास्त पडला हे ओळखणाऱ्या नाकाला हे काय अवघड! बाटली उंच, सडपातळ. १९७२ पासून असा नियम आहे, की अल्सासची वाइन अल्सासमध्येच बाटलीत भरली पाहिजे. त्याआधी १९६२ मध्ये तिला नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. कोणती द्राक्षं, कुठली जमीन, एकरी किती पीक, सगळं ठरलेलं. ही कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

जेवणाचं दोन शब्दांत सांगते. मांसाहारी लोकांची चंगळ आहे. शाकाहाऱ्यांनी थोडं सावध असावं, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘फ्लामेक्यूश’ ही पातळ भाकरीसारखी लाटलेली पोळी. वर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. मांसाशिवाय मागितली तर करून देतात. पूर्वी पाव भाजण्याआधी भट्टी किती तापली हे बघायला बाया ही पोळी आत सरकवत. पहिली भाकरी तव्याची परीक्षा घ्यायला टाकतात ना, तसं. ‘बिबेलेसकेस’ म्हणजे चक्क्यासारखं ताजं पांढरं चीज, त्यात लसूण आणि कांद्याची पात, सोबत परतलेले बटाटे. हे आपल्या जिभेला चटकन रुचतं. आणि ‘कूगलोफ’ हा बेदाणे-बदाम घातलेला उंच केक चहाबरोबर खायला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र सहलीचा रंग बदलतो. रीकवीर हे गाव चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या घरांसकट जसंच्या तसं उभं आहे. तिथून सायकलीनं दहा-पंधरा मिनिटांवर बेनवीर, पुढे सिगोल्सहाइम. इथली घरं साधी, नवी, सरळ भिंतींची. नवखा माणूस गाइडला विचारतो, ही गावं अशी का? कारण १९४४ च्या डिसेंबरमध्ये, कोल्मारभोवती अडकलेलं जर्मन सैन्य आणि फ्रेंच-अमेरिकी फौजा यांच्या लढाईत ही गावं पार जमीनदोस्त झाली. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर, द्राक्षांच्या वेलींच्या मधोमध, दीड हजारांहून जास्त सैनिकांची दफनभूमी आहे. फ्रान्सच्या बाजूनं लढलेले, त्यांत उत्तर आफ्रिकेतून आणलेले कितीतरी मुसलमान सैनिक. त्यांच्या कबरींची तोंडं वेगळ्या दिशेला केलेली दिसतात.

हा सगळा इतिहास सीमेचा. १८७१ मध्ये युद्धात हरलेल्या फ्रान्सनं अल्सास जर्मनीला दिलं. १९१८ मध्ये ते परत फ्रान्सकडे आलं. १९४० मध्ये हिटलरनं घेतलं. १९४५ पर्यंत पुन्हा फ्रान्सचं झालं. १८७० मध्ये जन्मलेली आणि पंच्याहत्तर-सत्याहत्तर वर्षं जगलेली बाई घर न बदलता चार वेळा देश बदलून गेली. दर वेळी शाळेची भाषा बदलली, पाट्या बदलल्या. नाझींनी तर फ्रेंच बोलण्यावर बंदी घातली, माणसांची फ्रेंच नावं जर्मन करायला लावली. ऑगस्ट १९४२ पासून अल्सास आणि शेजारच्या मोझेलमधले मिळून सुमारे एक लाख तीस हजार तरुण जबरदस्तीनं जर्मन सैन्यात भरले. त्यांतले बहुतेक रशियाच्या आघाडीवर पाठवले गेले, तीस हजारांहून अधिक परतलेच नाहीत. त्यांना आजही ‘मालग्रे-नू’ म्हणतात. अर्थ असा, की ‘आमच्या मनाविरुद्ध’. गावातल्या हुतात्मा स्मारकावर नावं कोरलेली असतात, पण इतर फ्रेंच गावांप्रमाणे ‘फ्रान्ससाठी प्राण दिले’ असं लिहायचं टाळलेलं असतं. एकाच घरातला एक भाऊ एका गणवेशात, दुसरा दुसऱ्या. लिहिणार काय?

पुढचा मुक्काम कायझर्सबेर्ग. इथं १८७५ मध्ये आल्बर्ट श्वाइत्झर जन्मले, म्हणजे जर्मन नागरिक म्हणून. आफ्रिकेतल्या लांबारेनेला त्यांनी १९१३ मध्ये दवाखाना काढला, तो होता फ्रेंच वसाहतीत. पहिलं महायुद्ध लागलं आणि हा रोग्यांची सेवा करणारा डॉक्टर शत्रुदेशाचा नागरिक ठरला. आधी नजरकैद, मग १९१७ मध्ये बायकोसह फ्रान्सला नेऊन छावणीत ठेवलं. युद्धानंतर ते फ्रेंच नागरिक झाले, आणि १९५२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. भारतीय विचारवंतांवर त्यांनी १९३५ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. जन्मभर ते दोन्ही भाषांत लिहीत-बोलत राहिले.

आपल्यातल्या ज्यांची मुलं सीबीएसईत शिकली, त्यांना बारावीच्या इंग्रजीतला ‘द लास्ट लेसन’ हा धडा आठवत असेल. अल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची ती कथा, अल्सासचीच. बर्लिनहून हुकूम येतो, उद्यापासून शाळेत फक्त जर्मन. म्हातारे गुरुजी फ्रेंचचा शेवटचा तास घेतात. वाचताना डोळे भरून येतात. पण कथेत एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या काळी अल्सासच्या खेड्यांत बहुतेक घरांची बोली फ्रेंच नव्हतीच. ती होती अल्सासी, जर्मन कुळातली. म्हणजे बर्लिनच्या हुकुमानं शाळेतली फ्रेंच गेली, पण चुलीपुढची भाषा बर्लिनचीही नव्हती आणि पॅरिसचीही नव्हती. दोन मोठी राज्यं आपापल्या भाषेसाठी भांडली. तिसऱ्या भाषेची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

ती बोली मोठी गोड. निरोप घेताना ‘मेर्सी फिलमोल्स’ म्हणतात. मेर्सी फ्रेंच, फिलमोल्स जर्मन वळणाचं. मिळून ‘फार फार आभारी’. आपण नाही का म्हणत, "बर्री, बसा, चहा घेऊनच जावा"? शेजारीण कुंपणावरून "ऊट आतेन्री?" विचारते आणि आपण "झालं की हो" म्हणून उत्तर देतो. कोणता शब्द कुणाचा, हे हिशेब घरात कुणी करत नाही.

पण १९४५ नंतर अल्सासमध्ये असा हिशेब सुरू झाला. नाझींच्या पाच वर्षांनंतर जर्मन वळणाचं काहीही बोलायची लाज वाटू लागली. शाळेत फ्रेंच, नोकरीत फ्रेंच. फ्रेंच बोलणं म्हणजे झोकदार, असा प्रचारही झाला. बोलीवर कायद्यानं बंदी आली नाही. आई-बापांनीच मुलांशी ती बोलायचं हळूहळू सोडलं. त्यांचं भलं व्हावं म्हणून. आपसांत ते अल्सासीत बोलत, मुलाकडे वळले की फ्रेंच. २०१२ च्या पाहणीत दिसलं, की साठी ओलांडलेल्यांपैकी ७४ टक्के लोक अल्सासी बोलतात, तीन ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी फक्त ३ टक्के. तीन पिढ्यांत एवढी घसरण, आणि तीही युद्ध संपल्यावर, शांततेच्या काळात.

नव्वदीच्या दशकापासून द्विभाषी शाळा निघाल्या आहेत. अर्धा वेळ फ्रेंच, अर्धा वेळ जर्मन. त्या चांगल्या चालतात, पण तिथं शिकवतात ती मुख्यतः पुस्तकी जर्मन. आजीची बोली पुस्तकात फारशी नाही. आता तो मघाचा कायदा आठवा. कोणत्या उतारावर कोणतं द्राक्ष लावायचं, बाटली कुठे भरायची, याला नियम आहे, तपासनीस आहे, दंड आहे. रिसलिंग उद्या नाहीशी होणार नाही. करकोचे दहा जोड्यांवरून परत आणता आले, कारण पिल्लाला चारा घालणारं माणूस बाहेरचं असलं तरी चालतं. बोलीचं तसं नाही. ती घरच्यांनीच भरवावी लागते.

आणि इथं मला आपली घरं दिसतात. मुलं इंग्रजी माध्यमात, त्यात वाईट काही नाही, जग बघायला ती भाषा हवीच. पण ज्या घरात आई मराठी आणि अज्जी कन्नड, त्या घरातली नातवंडं आता दोघींनाही इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात उत्तर देतात. अज्जी गोष्ट सांगायला घेते, मूल म्हणतं, "ग्रँडमा, मोबाइलवर बघू ना." घरात भाषेवरून भांडण कुणाचंच नसतं. अल्सासमध्येही घराघरांत भांडण झालं नव्हतं. मुलाला बरं पडावं म्हणून मोठी माणसं रोज थोडी थोडी गप्प होत गेली. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही कोट्यवधींच्या भाषा आहेत, त्या बुडणार नाहीत. पण सीमेवरच्या घरातली जी खास बोली आहे, अप्पा-अक्का-अव्वाची, ‘बर्री’ आणि ‘जावा’ एका वाक्यात नांदवणारी, ती ना पुण्यात बोलतात ना बेंगळुरात. ती आपल्याशिवाय कुणाकडे नाही.

जायचं ठरवलंत तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी चालू असते, गावांत द्राक्षाच्या रसाचा आंबूस-गोड वास भरलेला असतो. शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. मुलगा जर्मनीत असेल तर आणखी सोपं. २०१७ पासून जर्मनीतल्या केल गावाहून चक्क ट्राममध्ये बसून ऱ्हाईन ओलांडता येते आणि स्ट्रासबुर्गला उतरता येतं. ज्या नदीसाठी दोन देश तीन वेळा लढले, ती आता भाजीच्या पिशव्या घेऊन बायका ओलांडतात.

आणि संध्याकाळी एखाद्या मळ्यात चाखणी चालू असताना घरातली म्हातारी बाई कोपऱ्यात बसलेली दिसेल. वाइनचे प्रश्न गाइड विचारेलच. तुम्ही त्याच्याकरवी तिला एवढंच विचारा, की नातवंडांशी ती कोणत्या भाषेत बोलते. ती काय सांगते ते नीट ऐका.